रुमण्याच्या बुडाशी

निरवांगी,
२४ सप्टेंबर २०२५

श्रेया,

सूरजभाऊच्या पिकअपमध्ये पेरूचे क्रेट आहेत. सगळ्यांत वरच्या क्रेटमध्ये, कागदाखाली, हे पत्र ठेवते आहे. पेरू मैत्रिणींना दे. पत्र देऊ नकोस.

तू म्हणतेस फोन कर. फोन तुझ्या पप्पांच्या खिशात असतो. मी बोलायला घेतला की माझा हा भाऊ विजय दारात येऊन उभा राहतो आणि मध्येच म्हणतो, "इचार तिला, इमान उडवून झालं का? का आजून बाकी हाय?" मग मी काय बोलणार. कागदावर तो मध्ये बोलत नाही.

घट बसले. परवा मी त्याला म्हणाले, खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर पुजतो, मोटर पुजतो, खुरप्यांनासुद्धा कुंकू लावतो. पोरीच्या विमानाला कोण लावतं? तो म्हणाला, "तितं शिकल्याली मानसं हायती. त्यांना कुक्कू कशाला लागतंय?"

शिकलेल्या माणसांच्या यंत्राला देव लागतो की नाही, एवढं कळव. लागत असेल तर मी ताट घेऊन येते.

तुझी आत्या,
म्हाळसा


बारामती,
२७ सप्टेंबर

आत्या,

लागतो. मी विचारलं. दर खंडेनवमीला हँगरमध्ये पूजा होते. हँगर म्हणजे तुझ्या भाषेत विमानांचा गोठा. घरचे आले तर चालतं. ऋषिराजची आईही येणार आहे, डाळजहून. ऋषिराज माझ्याच तुकडीतला. लहानपणी उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरताना पाहिले म्हणून इकडे आलो, असं तो सांगतो. मला ती थाप वाटते, पण तो छान सांगतो.

विमान चालवतात कसं, असं तू विचारलं होतंस. बसल्यावर दोन गुडघ्यांच्या मध्ये एक दांडा असतो. पुढे ढकलला की नाक खाली, ओढला की नाक वर. उतरताना जमीन जवळ आली की तो हळूहळू पोटाशी ओढायचा. ओढला नाही तर नाक जमिनीत. दांड्याचं बूड तळाखाली जातं, आणि तिथून सळ्या शेपटीपर्यंत. उडायच्या आधी दांडा चारी बाजूंना फिरवून बघतात आणि तो अडत नाही असं मोठ्यानं म्हणतात. म्हणायचं इंग्रजीत असतं. मी मनात आधी आपलं म्हणून घेते, मोकळं हाय.

आमच्या सर्वांत जुन्या विमानाला आम्ही म्हातारी म्हणतो. तिची वार्षिक तपासणी चालू आहे. अविराज सर करताहेत. दांड्याच्या कामाला एक जादा नियम आहे. एकानं तपासलेलं दुसऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पुन्हा बघायचं, मगच दुसरी सही. दुसरे सर दसऱ्यासाठी गावी गेले आहेत, त्यामुळे सगळी घाई चालली आहे.

तू येशील तेव्हा तुला भिंतीवरचा फळा दाखवीन. त्यावर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली आहे. काम झालं की पाना आपल्या आकृतीवर टांगायचा. एक जरी आकृती रिकामी दिसली तरी तो पाना सापडेपर्यंत विमान हलत नाही. मला तो फळा फार आवडतो. त्याच्याकडे पाहिलं की झोप लागेल असं वाटतं.

श्रेया


निरवांगी,
३ ऑक्टोबर

श्रेया,

पोचले. तुझी म्हातारी अजून डोळ्यांपुढे आहे. एवढंसं विमान! आपलं मळणी यंत्र त्याहून दांडगं. मी हात लावला तर पत्रा आत गेला आणि परत बाहेर आला. मी घाबरून कुणाला सांगितलं नाही.

तू पाहुण्यांना चहा देत होतीस तेव्हा मी आणि बनाबाई म्हातारीपाशी होतो. ही ऋषिराजची आई मला आवडली. बोलते कमी, पण बोलली की हसवते. तो दांडा पाहून मी म्हणाले, हे तर नांगराचं रुमणं. धरायचं, दाबायचं, उचलायचं. त्या म्हणाल्या, "बगा की. आमचा राजा जल्मात नांगराला शिवला न्हाय, आन् हितं रुमनंच धरून बसलाय."

रुमण्याच्या बुडाशी मूठभर तांदूळ टाकून गणपती बसवला. मी नेलेली सुपारी किडकी निघाली. बोटाला नुसता भुगा लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बनाबाई म्हणाल्या, "आसूं द्या. मला बी माज्या सासूनं किडकीच दिली व्हती." आणि कमरेची पिशवी सोडून स्वतःची सुपारी दिली. लग्नातली. दरवर्षी तीच बसवतात, आणि देव उठवला की परत पिशवीत. कुंकू मुरून लाल झालेली, गुळगुळीत. मी ती बसवली.

पूजा झाल्यावर अविराज सर आले. "मावशी, उचला आता." बनाबाई म्हणाल्या, "दसरा झाल्याबिगर देव उठवायचा न्हाय." ते हसले. म्हणाले, "बरं, राहू द्या. मी बघतो."

तेव्हा आता तू एवढं कर. अक्षता टाक, सुपारी जागेवरून हलव, आणि ऋषिराजच्या हातात दे. आईला नेऊन देईल.

आणखी एक. रुमण्याच्या बुडाला चामड्याची खोळ आहे ना, ती एका बाजूनं उसवली आहे. आत बोट जातं. मी सरांना दाखवलं. ते म्हणाले, "तपासणी झालीय, मावशी." सुई-दोरा असता तर मी दोन टाके घातले असते.

आत्या


बारामती,
७ ऑक्टोबर

आत्या,

दसऱ्यानंतर मी गेले तेव्हा म्हातारी पुसून बाहेर उभी होती. फुलं नाहीत, तांदूळ नाहीत, सुपारी नाही. झाडणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तांदूळ भरलं ताई. देव न्हाय दिसला." अविराज सर म्हणाले, झाडण्यात गेली असेल. मी फळ्याकडे पाहिलं. सगळे पाने जागेवर होते. सुपारीची आकृती फळ्यावर नाही.

ऋषिराजला सांगताना मला लाज वाटत होती. तो हसला. "आईला बोलू नको. दुसरी आणू, कुंकू फासू. तिला काय कळतंय." मग थोड्या वेळानं म्हणाला, "कळंल तिला. तरी आणू."

दुसरे सर आज गावाहून आले. आले, सही केली आणि चहाला गेले. तळ पुन्हा उघडला नाही. उघडायला अर्धा दिवस जातो, आणि विमानं कमी, आम्ही जास्त. खोळ अजून तशीच आहे. म्हातारी उद्यापासून उडेल.

पेरू गोड होते.

श्रेया


बारामती,
१८ ऑक्टोबर

आत्या,

ऋषिराज गेला. तुला कळलंच असेल.

म्हातारीत तो एकटा होता. उतरायला येत होता. पिंपळीच्या बाजूला, उसात. ऊस ज्यांचा त्यांचं नाव सोनबा. तेच आधी पोचले. काल ते फाटकाशी येऊन उभे होते. आत सोडत नव्हते म्हणून मी बाहेर गेले. म्हणाले, "पोरी, त्यानं दोनी हातांनी धरलं व्हतं ते दांडकं. वडून धरलं व्हतं. हात सुटंनात आमाला." एवढं सांगून ते गेले. हे सांगायलाच आले होते.

दिल्लीहून चौकशीचे साहेब आले आहेत. त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, तळाखाली, सळीच्या सांध्यापाशी, एक नट मिळाला. अविराज सरांनी विमानाचे सगळे नट दाखवले. प्रत्येक जागेवर, प्रत्येकाला तार बांधलेली. ते म्हणाले, आमचा नव्हे. शेतातला असेल. साहेबांनी मान डोलावली. बहुधा ट्रॅक्टरचा असेल असं नंतर सगळे म्हणत होते.

मग राहिला ऋषिराज. आता जेवायच्या खोलीत सगळे एकच बोलतात. घाबरला. जमीन अंगावर आली आणि ओढायचं सुचलं नाही. त्याच्याच ताटात जेवलेली मुलं हे म्हणतात. मी सोनबांचं सांगितलं. एक जण म्हणाला, शेतकऱ्याला काय कळतं.

दिवाळीला येत नाही.

श्रेया


निरवांगी,
२३ ऑक्टोबर

श्रेया,

आम्हीही पणती लावली नाही. विजय जेवत नाही. ताट समोर घेऊन बसतो.

मी डाळजला जाऊन आले. पडवीत बायका बसल्या होत्या. बनाबाई रडत नाहीत. येईल त्याला एकच विचारतात, "माजं पोरगं घाबरलं व्हतं का?" कुणी म्हणतं वेळ आली होती. कुणी म्हणतं देवाची इच्छा. हो किंवा नाही असं कुणी म्हणत नाही. तुमच्याकडचा एक माणूस येऊन गेला होता. त्यानं मुलाच्या हातून चूक झाली असं सांगितलं. तेव्हापासून त्या हे विचारतात.

मला बघून त्यांनी बाकीच्यांना जरा बाजूला व्हायला सांगितलं. हळूच म्हणाल्या, "म्हाळसाबाई, देव नीट उठवला व्हता न्हवं? का तसाच ऱ्हायला?" त्यांना वाटतं, देव तसाच राहिला, म्हणून कोपला. मी म्हणाले, उठवला. श्रेयानं उठवला.

माझ्या तोंडून गेलं. ती सुपारी नंतर सापडली का? सापडली असेल तर पाठव. हातात पडली तर त्यांच्या मनातलं एक तरी कमी होईल.

आत्या


बारामती,
२६ ऑक्टोबर

आत्या,

सुपारी मिळाली. ऋषिराजच्या कपाटात होती. त्यानंच उचलून ठेवली होती. क्रेटमध्ये रुमालात बांधून पाठवते. बनाबाईंना दे.

मला जबाबासाठी बोलावलं आहे. इथलं काही विचारू नकोस.

श्रेया


निरवांगी,
३० ऑक्टोबर

श्रेया,

ही ती सुपारी नाही.

हिचं कुंकू बोटाला लागतं. तिचं लागत नव्हतं. हिला दुकानाचा वास आहे. तू माझ्याशी कधी खोटं बोलली नाहीस. बारावीत नापास झालीस तेव्हासुद्धा आधी मला येऊन सांगितलंस. म्हणून मी रागावले नाही. मला भीती वाटली.

तुझी सगळी पत्रं काढून वाचली. एका शब्दापाशी अडले. सूरजभाऊला विचारलं, नट म्हणजे काय रे? त्यानं पिकअपखाली वाकून बोल्टावरचा नट दाखवला. मग उठला, खिशातली सुपारीची पुडी फाडली, तोंडात टाकली आणि पुडीकडं बघत म्हणाला, "आत्या, हिच्यावर बी विंग्रजीत नटच लिवलंय की. आता मानसानं दाढंखाली काय धरायचं?" आणि हसला.

मी हसले नाही. तो विचारत राहिला, काय झालं.

तुला हे माहीत आहे. माहीत होतं म्हणून तू मला दुकानातली पाठवलीस.

आत्या


बारामती,
१ नोव्हेंबर

आत्या,

हो.

तुला लिहिलं तेव्हा मलाही तो बोल्टाचाच नट वाटला होता. नंतर साहेबांनी वस्तू टेबलावर मांडल्या. तीही होती, पारदर्शक पिशवीत. अर्धी ठेचलेली. ठेचलं होतं तिथून आतल्या पांढऱ्या-तपकिरी रेषा दिसत होत्या. साहेब इंग्रजीत नट म्हणाले ते सुपारीला. त्यांना वाटतं, उसातल्या कुणा मजुराच्या खिशातून ढिगाऱ्यात पडली. अविराज सरांनी पिशवीकडं पाहिलंच नाही. नट म्हटल्यावर त्यांनी बोल्टाचेच नट दाखवले. दोघं वेगळ्या वस्तूबद्दल बोलत होते आणि दोघांचं पटलं.

ती उसवलेल्या खोळीतून तळाखाली गेली. बरेच दिवस नुसती गडगडत असेल. जमिनीवर दांडा फिरवला की मोकळाच लागत असेल. मीही त्या आठवड्यात म्हातारी उडवली होती. माझ्या वेळी ती दुसरीकडे होती, त्याच्या वेळी सांध्यात.

मी सांगितलं तर ऋषिराज घाबरला नव्हता हे सिद्ध होईल. आणि त्याच्या आईला कळेल की तिच्या लग्नातल्या सुपारीनं तो अडला. मी गप्प बसले तर तिला हे कधीच कळणार नाही, आणि तो कायमचा घाबरलेला राहील. मंगळवारी जबाब आहे. मला यातलं काहीच करता येत नाही.

देव बसवला ही चूक नाही, आत्या. ट्रॅक्टरवरही बसवतात. खोळ फाटलेली होती, ती फाटलेली आहे असं कुणी लिहिलं नाही. दुसऱ्यानं बघायचं होतं, त्यानं बघितलं नाही. हे मी शंभरदा मनात म्हणते. पण पडवीत बसलेल्या बाईला हे कसं सांगायचं?

तू डाळजला जाऊ नकोस.

श्रेया


निरवांगी,
२ नोव्हेंबर

श्रेया,

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा मी डाळजहून परत आले होते.

तू पाठवलेली सुपारी मी कुंकवाच्या डबीत ठेवली होती. तीन दिवस तेलाच्या हातानं चोळत होते. पदरानं पुसायची, परत चोळायची. बोटाला कुंकू लागेनासं झालं तेव्हा निघाले.

बनाबाई चुलीपुढं होत्या. मी म्हणाले, "तुमी इचारत व्हता त्याचं उत्तर आणलंय. पोरगं घाबरलं न्हवतं. दोनी हातांनी वडत व्हतं. ज्यांच्या उसात पडलं त्यांनी बघितलंय. हात सुटंनात त्येचं."

त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "वडत व्हता?"

"व्हय."

"मंग वर का आलं न्हाय?"

"रुमन्याच्या बुडात सुपारी आडकली. आपण बसवल्याली. देव उठवला म्हनलं ते खोटं व्हतं."

मी थांबले नाही. थांबले असते तर जमलं नसतं. म्हणाले, "तुमची न्हवं. तुमी दिली, पन तेवढ्यात माज्याकडं दुसरी चांगली निगाली. म्हनलं तुमच्या लग्नातली कशाला, आपलीच बसवावी. तुमची माज्या बटव्यात ऱ्हायली. लाजंनं बोलले न्हाय. ही घ्या."

त्यांनी ती घेतली. अंगठ्यानं फिरवली. बराच वेळ फिरवत होत्या. दाराकडं वळून उजेडात धरली, परत फिरवली. मग कमरेची पिशवी सोडली आणि आत टाकली.

"व्हय," म्हणाल्या. "माजीच हाय."

त्यांना कळलं की नाही, मला सांगता येत नाही. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं नाही.

मी उठले. उंबऱ्यापाशी गेले तेव्हा मागून म्हणाल्या, "म्हाळसाबाई, पुन्यांदा हितं येऊ नगा."

मी बरं म्हणाले.

आता तू जबाब दे. सगळं सांग. खोळ सांग, सही सांग. कुणाची भीड धरू नकोस. सुपारीचं विचारलं तर एक लक्षात ठेव. माझ्याजवळ दोन होत्या. एक किडकी, एक चांगली. आधीच्या पत्रात मी वेगळं लिहिलं होतं, ते पत्र चुलीत टाक.

आत्या


बारामती,
५ नोव्हेंबर

आत्या,

काल जबाब झाला.

खोळीचं सांगितलं. तू दाखवली होतीस आणि सरांनी काय उत्तर दिलं, तेही. अविराज सर समोर होते. ते म्हणाले, तपासताना खोळ चांगली होती. मग साहेबांनी दुसऱ्या सरांना विचारलं, तुम्ही बघितली तेव्हा कशी होती? त्यांनी सहीचा कागद जवळ ओढला. पुन्हा विचारलं. ते म्हणाले, सही माझी आहे.

आज सगळ्या विमानांचे तळ उघडले. एकात तांदूळ निघाले. एकात पेन्सिलीचा तुकडा. फळ्यावर सगळे पाने जागेवर आहेत.

मला विमानांजवळ जाऊ देत नाहीत. कारण लिहून दिलेलं नाही. मुलं माझ्या टेबलावर बसत नाहीत. सामान बांधलं आहे. सूरजभाऊ रिकामे क्रेट घेऊन परत फिरतील तेव्हा मी त्यांच्याबरोबर येईन. पप्पांना सांग, उडवून झालं.

तुझं पत्र जाळलं नाही. फाडून उसाच्या पाटात सोडलं, पिंपळीला. सोनबा बांधावर उभे होते. त्यांनी काय आहे म्हणून विचारलं नाही.

एक राहिलं. जबाब संपल्यावर साहेबांनी ती पिशवी माझ्यापुढे सरकवली. नीट बघ म्हणाले. मी पिशवीवरूनच बोट फिरवलं. ठेचली नव्हती त्या बाजूनं ती गुळगुळीत होती, आणि कुंकू आत मुरलेलं होतं. त्यांनी विचारलं, ही कुणाची, ओळखतेस का?

मी म्हणाले, ओळखते. आमच्या घरची.

श्रेया